दोन बाकं आधी

सकाळी 6.20

नवीन पनवेलहून रिक्षा रेल्वेवरचा पूल चढते तेव्हा नीट उजाडलेलंही नसतं. पर्समध्ये डबा, तपासायच्या राहिलेल्या वह्या आणि रबर लावलेली चार कार्डं. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं उरली होती, ती मी रात्री कापून ठेवते. दिवाळीची सुट्टी संपून दुसरा आठवडा चालू आहे. मी नववी ब ची वर्गशिक्षिका. विषय विज्ञान.

6.50

फाटकाशी चौघं थांबलेली असतात. खरं म्हणजे तिघं, चौथा चिक्कीच्या टपरीमागून येतो, आपण थांबलो होतो हे कुणाला दिसू नये म्हणून. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. त्यावर पाच तासांचे पाच चौकोन आणि वर एकच ओळ, ज्याची त्यानेच सांगितलेली. ‘आज गणिताच्या तासाला एकदाच उठणार.’ तास संपला की त्या त्या शिक्षकांनी शून्य, एक किंवा दोन लिहायचं. दुपारी कार्ड माझ्याकडे, मग घरी सहीला.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या मंडळींनी शाळांतल्या वर्तनावर बरंच काम केलं, त्यातून ती आली. तिकडे तिला ‘चेक-इन, चेक-आऊट’ म्हणतात. आमची पोरं ‘बाईंचं तिकीट’ म्हणतात. कार्डापेक्षा ते देतानाची दोन मिनिटंच जास्त कामाची आहेत, असं आता मला वाटायला लागलंय. ‘झोपलास किती? खाऊन आलास का?’ आज एक जण उपाशी आलाय. आठवीपर्यंत त्याला शाळेत खिचडी मिळायची. नववीत आलं की पोषण आहार बंद, सरकारी फुकट पुस्तकं बंद. आणि ज्या कायद्याने त्याला इथवर आणलं, तो शिक्षण हक्काचा कायदाही चौदा वर्षांपाशी, आठवीपाशी थांबतो. पोरं बिघडतात ती नेमकी नववीत, असं स्टाफरूममध्ये म्हणतात. बिघडतात की उघडी पडतात, कोण जाणे. माझ्या पिशवीत पारले-जी असतं. रोज पुरत नाही.

7.10

हजेरी. सत्तावन्न नावं, आणि त्यात दोन ठिकाणी नुसतीच शांतता. दोघंही धोदाणीच्या एसटीने येणारी, माथेरानच्या पायथ्याच्या कातकरीवाडीतली. पावसाळ्यात घरात उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर, ते पाऊस तोंडावर आला की परत. लहान भावंडांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसता येतं. नववीतल्या मुलीला तिकडच्या हायस्कुलात कोण सोडणार? ती विटा थापणार नाहीतर धाकट्याला सांभाळणार. मी हजेरीत ‘गैरहजर’ लिहिते. दुसरा शब्द त्या रकान्यात बसत नाही.

8.25

तिसरा तास, माझाच. आम्ल, आम्लारी व क्षार.

इथे मला तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलाबद्दल सांगायला हवं. नाव नको, ‘करंजाडेवाला’ म्हणू. जून ते दिवाळी मी त्याला आठवड्यातून तीनदा तरी वर्गाबाहेर उभं केलं असेल. पुढच्याच्या दप्तराचा बंद बाकाला बांध, खोकल्याचे आवाज काढ, पाणी प्यायला जाऊ का, पेन पडलं. मी चिडायची, तो निमूटपणे बाहेर जायचा. फार निमूटपणे जायचा. ते माझ्या लक्षात आलं नाही, ही माझी चूक.

लक्षात आलं ते ऑक्टोबरात, तेही योगायोगाने. मी मुलांना क्रमाने एकेक परिच्छेद वाचायला लावते. एके दिवशी वाचन उलट्या बाजूने सुरू केलं, आणि खोकला नेहमीपेक्षा वीस मिनिटं उशिरा आला. पुढचे चार दिवस मी नुसती बाकं मोजली. दंगा दरवेळी त्याचा नंबर यायच्या दोन बाकं आधी सुरू व्हायचा. त्याला वाचता येत नव्हतं. अगदीच येत नाही असं नाही, अक्षरं येतात, छोटे शब्द येतात, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. सत्तावन्न जणांसमोर ती थांबण्यापेक्षा बाहेर उभं राहणं त्याला परवडत होतं, आणि मी इमानेइतबारे त्याची सुटका करून देत होते.

तो एकटा नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचा 2023 चा अहवाल देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांवर होता. त्यात सुमारे 25 टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘उदासिनीकरण’ असा शब्द आहे. दुसरीची पातळी कुठे आणि उदासिनीकरण कुठे!

आज वाचन नाही. आज हळदीचा कागद, लिंबू, साबणाचं पाणी, चुन्याची निवळी. करंजाडेवाल्याला मी सामानाचा प्रमुख केलंय. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल झाला तेव्हा तोच म्हणाला, “बाई, शर्टावर कालवन सांडलं की धुताना असाच व्हतो.” अख्ख्या पुस्तकात दर्शकाचं याहून चांगलं उदाहरण नाही. कार्डावर दोन लिहिले.

10.00

मधली सुट्टी. स्टाफरूममध्ये चहा, आणि चहाबरोबर ठरलेला वाद. गणिताचे सर म्हणतात, “मॅडम, आमच्या वेळी एक छडी पुरायची.” मी म्हणते, सर, तुमच्या वेळी ज्यांना पुरली नाही ते आज स्टाफरूममध्ये नाहीत, म्हणून तसं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. पण सरांचा राग कायद्यावर नाही. दहावीच्या निकालाचं उत्तर त्यांना द्यावं लागतं, आणि नववीतल्या मुलाला भागाकार येत नाही. रागवायचं कुणावर हे ठरत नाही, मग छडीची आठवण येते. माणूस चांगला आहे. कार्डावर आकडे सर्वांत नेमाने तेच भरतात, आणि शून्य देतानाही कारण लिहितात.

दुसरी एक मुलगी माझ्या मनात आहे. मेहनती, शांत, पण ‘प’ आणि ‘ष’ मध्ये अजून अडकते. ही अध्ययन अक्षमता असू शकते. तसं प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, पण ते मान्यताप्राप्त सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचंच लागतं. म्हणजे सायनचं रुग्णालय गाठायचं. हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून पुढे, आणि एका फेरीत काम होत नाही. तिची आई चार घरी स्वयंपाक करते, प्रत्येक खाड्याचे पैसे कापले जातात. आईला सुट्टी कशी मागायची हे आधी ठरवायचं, मग तारीख.

12.30

सकाळचं सत्र सुटलं. दुपारच्या सत्राची पोरं आत घुसतात. मला आणि करंजाडेवाल्याला वाचनासाठी प्रयोगशाळेचा मागचा कोपरा मिळतो, पस्तीस मिनिटांसाठी.

दुसरीचं पुस्तक दिलं तेव्हा करंजाडेवाल्याने ते परत केलं होतं. मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात ससा-कासव द्यायचं माझंच चुकलं. मग त्याच्या वहीवर दि. बा. पाटलांचं स्टिकर दिसलं. विचारलं, हे कोण? आणि तो सुरू झाला. दि. बां.नी चालवलेलं 1984 चं जासईचं आंदोलन, सिडकोने घेतलेल्या जमिनी, गोळीबार, गेलेले पाच शेतकरी, परत मिळालेली साडेबारा टक्के जमीन. सगळं आजोबांकडून ऐकलेलं, तोंडपाठ. त्यांचं गाव विमानतळात गेलं. हा पहिली-दुसरीत असताना घर, शेजार आणि शाळा उचलून इकडे आले. वाचन बसायचं ते हेच वय. पुढे चौथीत कोविडने शाळा बंद, आणि घरात एकच फोन, तोही डंपरवर बापाबरोबर. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं. आमच्याकडच्या किती मुलांचं वाचन त्या धावपट्टीखाली राहिलं, हे कुणी मोजलेलं नाही.

म्हणून आता तो सांगतो आणि मी लिहून घेते, त्याच्या बोलीत, जसंच्या तसं. ‘आजा बोलतो, तवा आमी सगले व्हतो.’ मग तो तेच वाचतो. ‘सगळे’ या शब्दाशी तो नेहमी अडखळायचा. आगरी बोलीत ‘ळ’ नाहीच, तोंडात नसलेलं अक्षर डोळ्यांनी कुठून ओळखायचं? ‘सगले’ मात्र सरळ वाचतो. आज अकरा ओळी झाल्या. ‘आंदोलन’पाशी थांबला, बोट ठेवलं, गेला पुढे. ‘ळ’ला आपण डिसेंबरात भेटू. काही सहकाऱ्यांना हे अशुद्ध लेखन वाटतं. वाटू दे.

1.20

ऑफिसात ऑनलाइन माहिती भरणे. अपार आयडी, आधारमधल्या नावातली वेलांटी. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

2.15

फोन. कार्डाचा हा भाग मला सर्वांत आवडतो. शाळेतून फोन गेला की घरात धस्स होतं, म्हणून आठवड्यातून एक फोन चांगल्या बातमीचा करायचा असा मी नियम केलाय. आज करंजाडेवाल्याच्या आईला.

“हॅलो, मी शाळेतून बोलतेय.”

“काय केलं आता त्यानं?”

“काही नाही. आज त्याने प्रयोग छान केला. तेवढंच सांगायचं होतं.”

बराच वेळ पलीकडे नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज.

“मग... फी राहिली काय?”

फी नाही, तक्रार नाही, सही नाही, हे पटवायला चार मिनिटं लागली. शेवटी त्या म्हणाल्या, “बाई, बापूस रात्री घरी आला की त्यालापण करा असाच फोन. माझ्यावर इश्वास नाय ठेवनार तो.” रात्री साडेनऊची वेळ ठरली.

5.00

घरी. चहा, वह्या. कार्डवाल्या चौघांपैकी, आठ दिवसांत दोनदा शून्य घेणाऱ्या तिसऱ्या मुलाचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही. त्याच्यावर कार्डाचा काही उपयोग होत नाहीये. उद्या मुख्याध्यापकांशी बोलून त्याला सरांच्या शेजारी पहिल्या बाकावर बसवायचं की लांब, हे ठरवायला हवं.

9.30

बापाला फोन करायच्या आधीच व्हॉट्सॲपवर फोटो आलेला होता. आजचाच कागद. त्यातली माझ्या अक्षरातली पाचवी ओळ, ‘आजा जासईला चालत गेलता’, बॉलपेनने खोडलेली, आणि खाली वाकड्या, मोठ्या अक्षरात, कुणी न सांगता लिहिलेलं:

‘आजा बोलतो बाईनी चुक लिवला. चालत नाय टरक मदे.’

मी त्यातली एकही चूक दाखवली नाही. ‘बरं झालं सांगितलंस’ असं लिहिलं आणि बापाचा नंबर लावला. लागला नाही. डंपर अजून रस्त्यावर असणार.