रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयधमनी विकाराची तीव्रता : एक विवेचन

प्रस्तावना :
कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील भातपिकाचे तालुके होत. येथील आहारात भात प्रमुख आहे. मात्र शेतातील श्रमांची जागा अनेक घरांत बैठ्या कामाने घेतली आहे. अशा वेळी 'कोलेस्टेरॉल २०० च्या आत, म्हणजे हृदय सुरक्षित' ही समजूत तपासणे आवश्यक ठरते.

रक्तातील मेदाचे स्वरूप :
एलडीएल, म्हणजे कमी घनतेचे कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली साचते व धमनी अरुंद होत जाते. ट्रायग्लिसराइड अधिक व एचडीएल कमी असल्यास धोका वाढतो. पांढरा भात, साखर व मैदा यांच्या अतिसेवनाने ट्रायग्लिसराइड वाढतात. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात (२०१४) १३.९ टक्के व्यक्तींचे एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले होते. एचडीएल कमी असणारे मात्र ७२.३ टक्के होते. केवळ एकूण आकडा पाहिल्यास हा दोष लक्षात येत नाही.

उदाहरणार्थ, एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३० व ट्रायग्लिसराइड २५० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर असल्यास अहवाल वरवर समाधानकारक वाटतो. परंतु एकूणातून एचडीएल वजा करता १५० उरतात. ही संख्या सर्वसाधारणपणे १३० पेक्षा कमी असावी.

तीव्रतेशी संबंध :
विकाराची तीव्रता अँजिओग्राफीत किती धमन्या, कोठे व किती टक्के अरुंद झाल्या यावरून ठरते. कोलेस्टेरॉल व तीव्रता यांचा संबंध समूहात आढळला, तरी एका व्यक्तीच्या अहवालावरून तीव्रता सांगता येत नाही. याची कारणे तीन. पहिले, धमनीतील थर अनेक वर्षांत साचतो, तर अहवाल एका दिवसाचा असतो. दुसरे, स्टॅटिन औषधाने, तसेच हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही काळ, एलडीएल खाली येते. तिसरे, मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखू यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय फारसा अडथळा न करणारा थरही फुटून झटका येऊ शकतो.

निष्कर्ष :
कोलेस्टेरॉल हे विकाराचे कारण आहे, तीव्रतेचे मोजमाप नव्हे. म्हणून अहवालातील सर्व घटक एकत्रित वाचावेत, आणि आकडा उतरला म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध बंद करू नये. छातीत दडपण जाणवल्यास जुन्या अहवालावर विसंबून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.