हट्टी रोल पिन बसवताना

भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत चिखलणी ऐन भरात असताना पॉवर टिलरची एखादी रोल पिन तुटली, की यंत्र बांधाशी थांबते आणि लावणीही खोळंबते. पिन किरकोळ किमतीची. ती बसवणे मात्र भल्याभल्यांना जेरीस आणते. कारण तिच्या रचनेतच आहे. स्प्रिंगच्या पोलादाची ही उभी चिरलेली नळी छिद्रापेक्षा मुद्दामच जाड असते. ५ मिलिमीटरच्या छिद्राची पिन मोकळी असताना सुमारे ५.५ मिलिमीटर भरते. आत दाबली गेल्यावर ती फाकू पाहते आणि त्या ताणानेच जागेवर टिकते.

म्हणून नुसता हातोड्याचा जोर वाढवू नये. त्याने पिनेचे डोके तेवढे चेपते. प्रथम गंज काढून दोन्ही भागांची छिद्रे नेमकी एका रेषेत आणावीत. निमुळत्या टोकाला ग्रीस लावून पिन सरळ धरावी. शाफ्ट सुटा असेल, तर बेंच व्हाइस सर्वांत उत्तम. एका जबड्याने पिन दाबावी. दुसरीकडे छिद्राभोवती मोठा नट टेकवावा, म्हणजे टोकाला बाहेर यायला वाट राहते. शाफ्ट यंत्रातच असेल, तर खालून भक्कम टेकू देऊन हलके ठोके मारावेत आणि अखेरचा भाग छिद्राहून किंचित बारीक पंचाने आत सारावा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

घाईत पिनेऐवजी खिळा ठोकण्याचा मोह होतो खरा. पण मऊ लोखंडाचा खिळा छिद्रात सैल राहतो आणि भार येताच वाकतो किंवा कापला जातो.