धातूची डोलकाठी, लाकडाचे रूप



शिडाच्या नौकेकडे दुरून पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तिच्या डोलकाठीवर जाते. शतकानुशतके ही डोलकाठी लाकडाचीच असे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिटका स्प्रूस हा वृक्ष तिच्यासाठी विशेष नावाजलेला होता. त्याचे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि लवचिक. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र क्रीडानौकांवर ॲल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठ्या येऊ लागल्या. त्या वजनाला हलक्या असून कुजत नाहीत, आणि त्यांना वरचेवर व्हार्निशही लागत नाही. परंतु जुन्या घाटाच्या लाकडी नौकेवर ती चंदेरी नळी परकी वाटते. म्हणून पाश्चात्त्य देशांतील काही नौकामालक धातूच्या डोलकाठीला लाकडाचे रूप देतात. ते कसे देतात आणि त्यात कोणता धोका असतो, हे आज पाहू.

रंगाने लाकूड रेखाटण्याची ही कला नवी नव्हे. इंग्रजीत तिला ग्रेनिंग म्हणतात. थॉमस केर्शॉ या इंग्रज कारागिराने तीत एवढे प्रावीण्य मिळवले होते की, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. लोखंडी डोलकाठीही जुनीच आहे. १८०५ च्या ट्रफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर होता, त्याच्या मूळच्या लाकडी डोलकाठ्यांच्या खालच्या भागांच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोखंडाचे पोकळ भाग बसवण्यात आले. रंग दिल्यावर पुष्कळ प्रेक्षकांना त्या लाकडीच वाटत.

आता कृतीकडे वळू. प्रथम डोलकाठी उतरवून तिच्यावरील कड्या, कप्प्या आणि स्क्रू काढून घ्यावेत. तेलकटपणा धुऊन टाकून पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा. येथे पोलादी काथ्या वापरू नये. त्याचे बारीक कण धातूत रुतून बसतात आणि पुढे गंजतात. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरू लागतो आणि त्यावर रंग नीट पकडत नाही. म्हणून घासल्यानंतर विलंब न लावता त्याच दिवशी इपॉक्सी अस्तर द्यावे. सबंध कामाचा टिकाऊपणा या न दिसणाऱ्या थरावर अवलंबून असतो.

अस्तरावर फिकट पिवळसर रंगाचे दोन हात द्यावेत. तो वाळला की पातळ तपकिरी रंग लावावा आणि ओला असतानाच कोरड्या कुंचल्याने वा रबरी कंगव्याने उभ्या दिशेने ओढावा. खालचा पिवळा रंग मधूनमधून डोकावतो आणि लाकडाच्या रेषांचा भास होतो. येथे संयम हवा. डोलकाठीसाठी सरळ रेषांचे, गाठी नसलेले लाकूड निवडीत. म्हणून नागमोडी रेषा आणि मोठाल्या गाठी काढणारा रंगारी आपली लबाडी स्वतःच उघडी पाडतो. गडद सागवानी रंगही टाळावा. स्प्रूस मुळात फिकट, आणि गडद रंग उन्हात अधिक तापतो. शेवटी अतिनील किरणांना अडवणाऱ्या पारदर्शक व्हार्निशचे अनेक हात द्यावेत. हे सारे थर परस्परांशी जुळणारे हवेत. तेलाच्या रंगावर तीव्र द्रावकाचे व्हार्निश दिले, तर खालचा रंग सुरकुततो. तेव्हा आधी एखाद्या धातूच्या तुकड्यावर प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे.

आता धोक्याची गोष्ट. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात विद्युत्‌प्रवाह सुरू होतो आणि त्यांतील एक झिजतो. ॲल्युमिनियम व गंजरोधक पोलाद यांच्या जोडीत झीज ॲल्युमिनियमला सोसावी लागते. म्हणून प्रत्येक पोलादी स्क्रूभोवती विद्युत्‌रोधक लेप लावावा, कड्यांखाली प्लॅस्टिकची पातळ चकती घालावी, आणि तांबे असलेला रंग डोलकाठीला मुळीच लावू नये. झीज बहुधा या सांध्यांपाशी सुरू होते, आणि सुंदर रंगाखाली ती झाकली जाते. रंगाला फोड आला, त्यातून पांढरी भुकटी निघाली वा केसासारखी रेघ दिसली, तर ती रंगाची खोड समजून वर पुन्हा कुंचला फिरवू नये. रंग खरवडून धातू पाहावा. वाऱ्याचा सारा जोर पेलणारी डोलकाठी भर समुद्रात मोडली, तर प्रश्न शोभेचा उरत नाही, माणसांच्या प्राणांचा होतो.

कोणी विचारील, हे ढोंग नव्हे काय? पाहणाऱ्याच्या डोळ्यांना सुख देणारा रंग हे ढोंग नव्हे. मात्र वरून लाकूड दिसले तरी आत धातू आहे, हे मालकाने विसरता कामा नये. देखभाल लाकडाची नव्हे, धातूचीच करावयाची असते. एवढे भान ज्याला आहे, त्याने खुशाल कुंचला हाती घ्यावा.