लेकरांसह लांबचा प्रवास



कारखान्याचा पट्टा पडला, खोडव्याला पहिला खताचा हप्ता गेला आणि शाळांना सुट्ट्या लागायच्या बेतात आल्या, की आपल्या भागात घरोघरी एकच विषय निघतो: यंदा कुठं जायचं? कुणाचा नवस फेडायचा असतो, कुणाला समुद्र बघायचा असतो. गाडी ठरते, भडंग बांधला जातो, पहाटेची वेळ ठरते. सगळ्या गोष्टींचा विचार होतो, पोरांचा तेवढा राहतो. "पोरं काय, बसतील कुठं तरी मांडीवर," असे म्हणून आपण त्यांना गाडीत कोंबतो. मग मलकापूर यायच्या आत एक रडत असते, एक ओकत असते आणि तिसऱ्याने बापाची चपराक खाल्लेली असते.

आमच्या शेती विभागाचे काम उसाचे. परंतु गटात फिरताना सभासदांच्या सोप्यात बसून अशा सहलींच्या हकिगती आम्ही पुष्कळ ऐकतो, आणि आमची पोरे घेऊन आम्हीही घाट उतरलो आहोत. म्हणून या अंकापुरते बेणे आणि सरीचे अंतर बाजूला ठेवतो. उदाहरणाला पायाखालचा रस्ता घेऊ: कोल्हापूरहून आंबा घाटाने गणपतीपुळे. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर.

जागेचा हिशेब

मूल म्हणजे अर्धे तिकीट, म्हणून अर्धी जागा, हा हिशेब आधी सोडावा. दहा माणसांच्या गाडीत सोळा भरली, की पोरांच्या वाट्याला हवा येत नाही आणि खिडकीही येत नाही. त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेले मूल करकचून ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरले तरी हातात राहत नाही. मोठ्या माणसाचे वजन मागून त्याच्यावरच येते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तीत 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर एक हजार रुपये दंड सांगितला आहे. पण दंडासाठी पट्टा लावायचा नाही, पोरासाठी लावायचा. गाडी ठरवतानाच मागे पट्टे आहेत का, ते विचारावे. नसतील तर दुसरी गाडी बघावी.

ओकारी का येते?

कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. घाटात गाडी वळते ते त्याला कळते. पोराचे डोळे मात्र मांडीवरच्या मोबाइलवर असले, तर ते मेंदूला सांगतात की सगळे जागच्या जागी आहे. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि पोट ढवळते. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक. म्हणून जीपच्या मागच्या आडव्या बाकड्यावर मुलांना बसवू नये. समोर तोंड करून, लांबचा डोंगर दिसेल असे बसवावे, काच थोडी खाली ठेवावी आणि घाट लागण्यापूर्वी मोबाइल व गोष्टीचे पुस्तक काढून घ्यावे. निघताना पोट उपाशी नको आणि वड्याने भरलेलेही नको. मऊ भात, भाकरी-दूध, केळे एवढे पुरे. आंब्याला दहा-पंधरा मिनिटे थांबून पोरांना पायी फिरू द्यावे आणि मगच घाटात गाडी घालावी.

पाणी थोडे थोडे आणि वारंवार पाजावे. एकदम पाट फोडून दिलेले पाणी उसालाही मानवत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर औषध दुकानातील क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवावी, ती जवळ नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. साखरेमुळे आतड्यातून मीठ व पाणी लवकर शोषले जाते. बांगलादेशच्या लढ्यात 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. माप मात्र चुकू देऊ नये. साखर आपल्या कारखान्याची असली तरी सातवा चमचा नको, त्याने जुलाब वाढतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणीही पोटात ठरेना, तर देवदर्शन राहू द्यावे आणि जवळचा दवाखाना गाठावा.

पोरांना काम द्या

रिकामे पोर चिडते, कामाला लावलेले पोर रमते. एकाला गाड्यांच्या पाट्या वाचायला द्याव्यात: एमएच 09 कोल्हापूर, 10 सांगली, 11 सातारा, 07 सिंधुदुर्ग. एमएच 08 जास्त दिसू लागल्या, की रत्नागिरी जवळ आली. दुसऱ्याला मैलाचे दगड द्यावेत: पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग, केशरी डोक्याचा गावरस्ता.

गोष्ट सांगायची तर रस्त्यावरचीच सांगावी. वाघबिळाजवळ पन्हाळ्याची वाट फुटते, तिथे सिद्दी जौहरचा वेढा सांगावा. बांबवडे येईपर्यंत 1660 सालच्या जुलैतील ती पावसाची रात्र, पालखी आणि शिवा काशीद. मलकापूरच्या पुढे घोडखिंड आणि बाजीप्रभू. विशाळगड आपल्या डावीकडच्या डोंगरांत आहे, हे कळले की पोरे काचेला नाक लावून बसतात.

आणि आपण शेतकरी, तेव्हा माती विसरून कसे चालेल? प्रत्येक पोराच्या हातात तीन छोट्या पिशव्या द्याव्यात. एकीत घरच्या मळ्यातली काळी माती, दुसरीत घाटमाथ्यावरची तांबडी, तिसरीत पुळ्याची मूठभर वाळू. परत आल्यावर तीन ग्लास पाण्यात तिन्ही ढवळाव्यात. वाळू लगेच तळाला बसते, काळ्या मातीचे पाणी मात्र कितीतरी वेळ गढूळ राहते. आपल्या रानात निचरा का होत नाही, हे पोराला तेवढ्यात उमगते. मोठ्यांनीही जरा बघावे!

पुळ्याच्या समुद्रात गुडघ्याच्या पुढे कोणालाही जाऊ देऊ नये. तिथला उतार फसवा आहे आणि ओहोटीचे पाणी आत ओढते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत झोपलेले मूल पाच मिनिटेही ठेवू नये. रात्रीचा प्रवास टाळावा. पोरे झोपतात म्हणून तो सोयीचा वाटतो, पण डुलकी ड्रायव्हरलाही लागते.

दुसऱ्याची लेकरे

आता थोडे आपल्या कारखान्याबद्दल. याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडे परत निघतात. तोही लेकरांचा लांबचा प्रवासच आहे. ट्रकमध्ये भांडीकुंडी, ताडपत्र्या, शेरडे, कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर पोरे. आपल्या फडाच्या बांधावर ज्यांनी पाच महिने पाचटात खेळून काढले, तीच ही पोरे. पाच महिने ऊस तोडून घेतला, हिशेब मिटला, आता आपला काय संबंध, असे म्हणू नये. गाडी पहाटे निघावी, रात्री नव्हे. पोरे टपावर किंवा फाळक्यावर नसावीत. सामान आधी बांधून पोरांना मध्ये सपाट जागा मिळावी, एवढे मुकादमाला सभासदाने सांगितले तर तो ऐकतो. सोबत चांगल्या पाण्याचा एक कॅन, चार भाकऱ्या आणि क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या द्याव्यात. सगळ्याचा खर्च एका मोळीचाही नाही.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. दिवाळीच्या सुट्टीत लोक पोरे घेऊन बाहेर पडतात आणि त्याच सुमारास आपले गाळप सुरू होते. पंक्चर झालेली, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही अशी उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी राहते, आणि मागून येणाऱ्या गाडीत कुणाची तरी पोरे झोपलेली असतात. ट्रॉली कंत्राटदाराची असेल, पण ऊस आपला असतो. येत्या हंगामात आपल्या फडातून खेप बाहेर पडताना मागची पट्टी चमकते का, हे सभासदाने बॅटरी मारून स्वतः पाहावे. चमकत नसेल तर पट्टी लावल्याशिवाय ट्रॉली बांधावरून हलवू देऊ नये आणि गट कार्यालयात कळवावे. एक खेप उशिरा आली तर वजनात थोडी घट येईल. ती घट आम्ही सभासदाला समजावून सांगू शकतो. दुसरे नुकसान झाले तर समजावणार कोणाला?

प्रवासाला निघणाऱ्या सर्व सभासद कुटुंबांना आमच्या शुभेच्छा. जाताना खोडव्याला पाणी देऊन जावे.