बैलाचे पोट आणि माणसाचा हर्निया

"डॉक्टर, बैल जन्मभर ओझे ओढतो, त्याला हर्निया होत नाही. मग मलाच कसा झाला?" हमाली करणारे व शेतात राबणारे रुग्ण मला हा प्रश्न नेहमी विचारतात. त्याचे उत्तर पोटाच्या भिंतीत आहे.

छातीला बरगड्यांचा पिंजरा असतो, पोटाला तो नाही. मागे कणा आणि बाकीची बहुतेक भिंत स्नायूंची. बैल, कुत्रा आणि माणूस या तिघांतही तिची मूळ रचना एकच आहे. दोन्ही कुशींत स्नायूंचे तीन थर असतात. बाहेरच्या थराचे धागे एका बाजूला तिरके, मधल्याचे त्याच्या उलट तिरके आणि आतल्याचे कण्याकडून पोटाच्या मध्याकडे जाणारे. प्लायवूडच्या पातळ फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवल्या की मजबूत होतात, तसेच हे. शिवाय मधोमध छातीपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत जाणारी सरळ स्नायूंची जोडी असते. या दोहोंच्या मध्ये पांढरा चिवट पट्टा असतो.

जनावराच्या डाव्या भकाळीवर हात ठेवला की हीच भिंत हाताला लागते. पोटफुगीत ती ढोलासारखी ताठ होते. गिळलेली तार किंवा प्लास्टिक काढण्यासाठी पशुवैद्य तेथेच छेद घेतात आणि हे तीन थर पार करून कोठीपोटापर्यंत पोचतात.

मोठ्या गाईच्या कोठीपोटात १०० लिटरहून अधिक ऐवज मावतो. एवढे वजन स्नायूंनी सतत आवळून धरायचे म्हटले तर ते थकून जातील. म्हणून गाय, बैल, घोडा यांच्या पोटाच्या स्नायूंवर बाहेरून पिवळसर, लवचीक आणि जाड असे आवरण असते. झोळीसारखे ते भार पेलून धरते. माणसाला असे जाड आवरण नाही. त्यातच आपण दोन पायांवर उभे राहतो, त्यामुळे आतड्यांचा भार खाली ओटीपोटाकडे आणि जांघेकडे येतो.

जांघेत तर भिंतीला जन्मतःच वाट असते. पुरुषांत वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका सुमारे ४ सेंटिमीटर लांबीच्या तिरक्या बोगद्यातून बाहेर पडतात. तेथे भिंत कमकुवत झाली की आतडे किंवा चरबी पुढे सरकते. यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. जनावरांना तो होतच नाही, असे मात्र नाही. वासरांना बेंबीचा हर्निया होतो आणि शिंग लागून कूस फाटली तरी होतो.

जोर कोठून येतो?

जुना खोकला, बद्धकोष्ठता, प्रोस्टेटमुळे लघवीला कुंथणे आणि जड ओझे यांमुळे पोटातील दाब वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी खोकला व बद्धकोष्ठतेवर उपचार करून घ्यावेत. बिडी-सिगारेट सोडावी.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

साधी गाठ खोकताना किंवा उभे राहिल्यावर वर येते आणि आडवे झाल्यावर आत जाते. पण नेहमी आत जाणारी गाठ अडकली, कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, वायू किंवा शौच बंद झाले, तर आतडे आवळले गेले आहे असे समजावे. काही तासांतच त्याचा रक्तपुरवठा थांबून ते सडू शकते. अशा वेळी गाठ चोळू नये, जबरदस्तीने आत ढकलू नये, खायला-प्यायला देऊ नये. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. स्त्रियांच्या मांडीच्या वरच्या टोकाशी येणारी लहानशी गाठही अशीच धोक्याची असते.

उपचार

पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, मालिशने किंवा औषधाने भोक बुजत नाही. त्रास नसलेल्या लहान हर्नियावर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ नुसते लक्ष ठेवता येते. कायमचा उपाय शस्त्रक्रिया हाच. बहुधा कमकुवत जागी जाळी बसवतात. ही जाळी महाग म्हणून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. त्याविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तान्ह्या मुलाची फुगलेली बेंबी बहुधा काही वर्षांत आपोआप बसते, तेथे नाणे बांधू नये. मुलाच्या जांघेतील गाठ मात्र आपोआप बरी होत नाही. ती लगेच शल्यचिकित्सकाला दाखवावी.

हर्निया म्हणजे भिंतीला पडलेले भोक. ते लाजेने झाकून ठेवल्यास मोठे होत जाते, आणि अडकलेल्या आतड्यावर रात्री-अपरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी जोखमीची असते. तेव्हा सुगीची कामे आटोपण्याची वाट पाहू नका. गाठ दिसली की एकदा तपासून घ्या.