बांधकामाची स्वनिर्मित पारंपरिक हत्यारे व त्यांची पडताळणी : साक्री परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका सह्याद्रीच्या उतारांपासून पांझरा व कान नद्यांच्या खोऱ्यांपर्यंत पसरलेला आहे. पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांतील कुडाच्या भिंतींची घरे आणि सपाटीवरील गावांतील जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे ही येथील पारंपरिक वास्तुरूपे होत. बलुतेदारी व्यवस्थेत हत्यारे घडविण्याचे काम सुतार व लोहार यांच्याकडे असे. तथापि धुमस, गुण्या, ओळंबा यांसारखी साधने बांधकाम करणारा स्वतःही घडवू शकतो. स्वनिर्मित हत्याराची अचूकता बाजारातील उपकरणाविना कशी पडताळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाकूड आणि धुमस

दांड्यासाठी बाभूळ, धावडा, तिवस ही चिवट लाकडे उपयुक्त ठरतात. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीस समांतर असावेत. तिरप्या तंतूंचा दांडा आघाताने चिरतो. लाकूड सावलीत हळूहळू वाळवावे, अन्यथा त्यास भेगा पडतात. जमीन ठोकण्याच्या धुमसासाठी जड ओंडका उभा वापरावा. उभे तंतू आघात सहन करतात. धाब्यावरील माती दाबण्यासाठी मात्र रुंद, सपाट चोपणे लागते. कारण तेथे खोल आघातापेक्षा एकसारखा दाब महत्त्वाचा असतो.

गुण्या

दोन पट्ट्या जोडून कोपऱ्यापासून एकीवर ३० सेंमी व दुसरीवर ४० सेंमी अंतरावर खूण करावी. खुणांमधील अंतर ५० सेंमी झाले की काटकोन सिद्ध होतो. ३-४-५ हे प्रमाण बौधायन शुल्बसूत्रातही आढळते. पडताळणीसाठी गुण्या सरळ रेषेवर ठेवून लंब काढावा. नंतर तो उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढावा. दोन्ही लंब जुळले नाहीत, तर त्यांतील फरक हा मूळ चुकीच्या दुप्पट असतो. १ मीटरमागे १ सेंमीची चूक १० मीटर भिंतीच्या टोकाशी १० सेंमी होते. मग खण तिरपे पडतात आणि तुळया व कड्या एका मापाच्या राहत नाहीत.

ओळंबा व समतल चौकट

ओळंब्याची दोरी वजनाच्या बरोबर मध्यातून जावी आणि वरच्या ठोकळ्याची रुंदी वजनाच्या व्यासाइतकी असावी. वजन अर्धा फेरा फिरविल्यावर त्याचे भिंतीपासूनचे अंतर बदलल्यास दोरीचे छिद्र मध्यावर नाही, असे समजावे.

दोन पाय व एक आडवी पट्टी जोडून केलेल्या चौकटीस शेंड्यापासून ओळंबा टांगला की समपातळी मोजण्याचे साधन तयार होते. दोन खुंट्यांवर चौकट ठेवून पट्टीवर दोरीची खूण करावी. नंतर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हीच खरी समपातळी होय.

समारोप

उपरोक्त सर्व पडताळण्यांमागे एकच तत्त्व आहे : हत्यार उलटावे, म्हणजे त्यातील दोष दुप्पट होऊन दिसतो. जुनी घरे पाडली जात असताना हत्यारे कदाचित संग्रहालयात उरतील. ती तपासण्याची रीत मात्र कारागिरांच्या हातांबरोबरच लोप पावेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारतीय ज्ञानपरंपरेस स्थान मिळाले आहे. गणित, भौतिकशास्त्र, भूगोल व मराठी या विभागांच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसह अशा हत्यारांची मापे, अहिराणी नावे आणि पडताळणीच्या रीती नोंदविणे, तसेच ती घडवून पाहणे, हे महाविद्यालयाच्या आवाक्यातील कार्य आहे.