सव्वा पैशाचा टाका

शिवणकामात धावदोऱ्याइतका साधा टाका दुसरा नाही. सुई खाली, सुई वर, पुन्हा खाली. बंगालची कांथा, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेलं पांघरूण, जवळजवळ सगळी या एका टाक्यावर उभी आहे. त्यामुळे तिचा हिशेब मांडणं सोपं जातं आणि एकदा मांडला की डोकं गरगरतं.

चांगल्या हाताच्या कांथेत टाका वर दोन मिलिमीटर दिसतो, खाली तेवढाच दडतो आणि दोन ओळींत दोन मिलिमीटरचं अंतर राहतं, असं धरू. एका सेंटीमीटरच्या लांबीत अडीच टाके, रुंदीत पाच ओळी, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेबारा. करंगळीच्या नखाएवढी जागा आणि साडेबारा टाके. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. आता अंगावर घ्यायची कांथा घ्या, १८० सेंटीमीटर लांब, १२० रुंद. क्षेत्रफळ २१,६०० चौरस सेंटीमीटर. साडेबारानं गुणलं की २,७०,००० टाके. ही फक्त पार्श्वभूमी झाली. मधलं कमळ, कोपऱ्यांतल्या कोयऱ्या, हत्ती, मासे, रथ यांचा हिशेब वेगळा.

कांथा म्हणजे आपल्या गोधडीची, वाकळीची सख्खी बहीण. जुनी लुगडी, जुनी धोतरं, धुऊन धुऊन मऊ पडलेला कपडा. नवीन काही विकत आणायचं नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच. फरक दिसतो तो रंगात. आपली वाकळ ठिगळांच्या रंगांवर नटते. जुनी कांथा मात्र पांढऱ्या जमिनीवर शिवायची आणि तिचा सगळा रंग दोऱ्यातून यायचा. हा दोराही घरचाच असे. साडीच्या किनारीतले लाल, निळे, काळे धागे एकेक करून उसवून घ्यायचे आणि गुंडाळून ठेवायचे. साडी फाटली तरी किनार शाबूत असते, हे बायकांना कोणी सांगावं लागत नाही.

काम सुरू होतं ते जमिनीवर. तीन, चार, पाच थर एकावर एक अंथरायचे, सुरकुती हातानं सारून काढायची, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवायचं. मग कडा आत दुमडून शिवायच्या आणि लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना बांधायचे. त्यानंतर मधोमध कमळ. नक्षी भरून झाली की उरलेली पांढरी जागा पांढऱ्याच दोऱ्यानं धावदोऱ्यात भरायची आणि ओळी नक्षीच्या भोवतीनं फिरवायच्या. शेजारच्या ओळींतले टाके थोडे मागेपुढे सरकवले की कापड बारीक लाटांसारखं उठतं. कांथेवरून हात फिरवल्यावर बोटांना जे जाणवतं, ते हेच. जी जागा पाहणाऱ्याला रिकामी वाटते, तिथेच सगळ्यात जास्त टाके असतात.

आता दोरा मोजू. १२० सेंटीमीटर रुंदीत सहाशे ओळी, प्रत्येक १८० सेंटीमीटरची. १,०८० मीटर. कोलकात्याचा हावडा पूल ७०५ मीटर लांब आहे, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन अर्ध्याहून अधिक वाट परत यावी एवढा दोरा एका पांघरुणात जातो. कापडाच्या जाडीत उतरणारा दोरा यात धरलेला नाही. अर्धा-अर्धा मीटरचा दोरा घेतला तर सुई ओवायची २,१६० वेळा. संध्याकाळी दिव्याखाली सुई ओवून द्यायला घरातल्या पोरांना का बोलावलं जायचं, ते या आकड्यातून कळतं.

खरा आकडा मात्र हाताचा आहे. सराईत बाई सुईवर एका दमात चार टाके भरते आणि मग दोरा ओढते. २,७०,००० टाक्यांसाठी हे ओढणं ६७,५०० वेळा होतं. सुरुवातीला हात अर्धा मीटर मागे जातो, दोरा संपत येतो तसा कमी कमी. सरासरी पंचवीस सेंटीमीटर धरली तर नुसतं ओढण्याचं अंतर भरतं सुमारे १६.९ किलोमीटर. कोलकात्याची पहिली मेट्रो १९८४ साली धावली आणि दमदम ते टॉलीगंज हा पूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९५ उजाडलं. तो मार्ग साडेसोळा किलोमीटरच्या आसपास आहे. एक पांघरूण शिवताना एका बाईचा उजवा हात, मांडी न मोडता, दमदमहून टॉलीगंजच्या थोडा पुढे जातो. परत येण्याचं अंतर धरलं तर दुप्पट.

वेळ? मिनिटाला पाच खेपा, म्हणजे वीस टाके. १३,५०० मिनिटं, २२५ तास. दुपारची जेवणं आटोपल्यावर आणि चूल पुन्हा पेटायच्या आधी जे दोन तास मिळतात, त्यात हे काम व्हायचं. ११२ दुपारी. त्यात एकही आजारपण नाही, एकही पाहुणा नाही, एकही बाळंतपण नाही, असं गृहीत आहे, आणि कोणत्याही घरात ते खरं नव्हतं.

नाजूक कांथेत टाका याच्या निम्मा असतो आणि ओळींतलं अंतरही निम्मं. निम्म्याला निम्मं लागलं की टाके चौपट: त्याच आकाराला १०,८०,०००, नऊशे तास, दररोज दोन तासांच्या ४५० दुपारी. सासरी जाणाऱ्या मुलीसाठी किंवा येणाऱ्या बाळासाठी म्हणून घेतलेलं काम कधी कधी आईकडून मुलीकडे अर्धवटच जायचं, यात नवल नाही.

या सगळ्याच्या खाली अजून एक मोजमाप दडलेलं आहे. ज्या साड्यांचे थर घातले, त्याही कोणीतरी विणल्या होत्या. साध्या सुती कापडात सेंटीमीटरला तीस उभे, तीस आडवे धागे धरले तर एका चौरस सेंटीमीटरला धागे नऊशे ठिकाणी एकमेकांना ओलांडतात. आपल्या पांघरुणाच्या एका थरात १,९४,४०,००० ओलांडणी, पाच थरांत नऊ कोटी बहात्तर लाख. आणि बंगाल तर मलमलीचा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ढाक्याच्या सुताची एक लडी मोजली गेली, तेव्हा पौंडभर कापसातून अडीचशे मैलांहून लांब धागा निघेल असा हिशेब आला. म्हणजे ग्रॅमला साधारण ८९० मीटर. हे सूत सकाळी, हवेत ओल असतानाच, नजर तीक्ष्ण असलेल्या तरुण बायका कातायच्या. ऊन चढलं की धागा तुटायचा. त्या सुतानं शिवता आलं असतं (येत नाही, फार नाजूक), तर आपल्या पांघरुणाच्या १,०८० मीटर दोऱ्याचं वजन झालं असतं सव्वा ग्रॅमच्या आत.

लेसचं गणित कांथेच्या उलटं आहे. आपल्याकडे पाण्याच्या तांब्यावरच्या झाकणापासून टीव्हीवरच्या आच्छादनापर्यंत सगळीकडे क्रोशाची लेस असायची. बंगाली घरांतही ती तितकीच. क्रोशात खाली कापड नसतं. भोकं आणि भोकांभोवतीचे फास, एवढंच. चौरस सेंटीमीटरला दहाच फास धरले तरी मीटरभर चौरस टेबलक्लॉथला एक लाख होतात. इथे सुईवर चार टाके एकदम भरायची सोय नाही. प्रत्येक फासाला हूक वेगळा घालायचा, दोरा वेगळा ओढायचा. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी रुजवलेली ही कला पुढे मोठ्या निर्यातीचा धंदा झाली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली त्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं ते असं: दिवसाचे कितीतरी तास परदेशी बाजारासाठी विणणाऱ्या या बायका कामगार म्हणून कुठेच दिसत नाहीत. त्या ‘गृहिणी’, आणि लेस त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. फावल्या वेळेला मजुरी किती द्यायची, हे मग देणाऱ्याच्या मर्जीवर.

कांथेचं तर याहून पुढचं. ती विकलीच जात नव्हती, त्यामुळे व्यापाराच्या कुठल्याच वहीत चढली नाही. बंगालमधून जे विकलं गेलं त्याचा माग मात्र आजही लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी हुगळीकाठच्या सातगाव परिसरातून पिवळ्या टसर रेशमानं भरलेल्या पांढऱ्या रजया युरोपात नेल्या. शिकारी, जहाजं, बायबलातले प्रसंग, सगळं त्यात. त्यांतल्या काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि लिस्बनच्या संग्रहालयांत चारशे वर्षांनंतरही शाबूत आहेत. त्याच काळात त्याच मुलखात घरोघरी शिवलेल्या कांथांपैकी आज काय दिसतं? जवळजवळ काही नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या जुन्या कांथा बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या.

अशा कांथा तेव्हा शिवल्या किती गेल्या असतील? अंदाजच करायचा तर हात आखडता घेऊन करू. १८७२ च्या जनगणनेत बंगाल इलाख्याची लोकसंख्या सहा कोटींहून जास्त भरली होती (त्यात बिहार, ओरिसाही आले). पाच माणसांचं एक घर धरलं तर एक कोटी वीस लाख घरं. शंभरातल्या एकाच घरात, वर्षाला एकच कांथा पुरी झाली असं समजा. १,२०,००० कांथा. टाके ३,२४० कोटी. एकटी बाई मिनिटाला वीसच्या वेगानं, न झोपता, न उठता शिवत बसली तर तिला तीन हजार वर्षं लागतील. आणि हे एका वर्षाचं काम. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच.

कोलकात्याच्या दक्षिणेला, डायमंड हार्बर रोडवर जोका इथं गुरुसदय संग्रहालय आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे आयसीएस अधिकारी. बदलीच्या गावी फाईलींबरोबर पट, मातीच्या मूर्ती, साचे आणि कांथा गोळा करत फिरणारा माणूस. त्यांच्या संग्रहात दोनशेच्या घरात कांथा आहेत आणि नावाजलेल्या संग्रहांत त्याची गणना होते. आपल्या कंजूष अंदाजातल्या एका वर्षाच्या कांथांचा हा सहाशेवा हिस्सा. बाकीच्या चोरीला गेल्या नाहीत की जळाल्या नाहीत. त्या वापरल्या गेल्या. बाळाखाली अंथरल्या, थंडीत पांघरल्या, आरशाफणीवर गुंडाळल्या, विरल्या, शेवटी पोतेऱ्याला लागल्या. साडी म्हणून एक आयुष्य काढलेल्या कापडाचं हे दुसरं आयुष्य होतं, ते तरी किती पुरणार?

याच संग्रहात मानदासुंदरी दासी या बाईंची कांथा आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी ती वडिलांसाठी शिवली आणि आपण शिवली हे टाक्यांतच लिहून ठेवलं. पलटणीचे शिपाई, साहेब, बाबू, सगळे तिच्यात हजर. ज्या काळात मुलीनं अक्षर गिरवणं हीच चर्चेची गोष्ट होती, त्या काळात सुईनं सही करणारी ही बाई. तिचं नाव कळतं, कारण तिनं ते लिहिलं. लाखोंनी काही लिहिलं नाही. कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश कलकत्ता विद्यापीठात शिकवत असताना कांथांच्या नादी लागल्या आणि त्यांचा संग्रह पुढे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात गेला; तिथल्याही कितीतरी कांथा निनावीच आहेत.

हल्ली कांथेला तिसरं आयुष्य मिळालंय, साडीवरचं. बोलपूर, नानूरकडच्या बायका टसरवर भरतात आणि माल कोलकात्याच्या दुकानांत येतो. पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोलकात्याला लागून असलेल्या सोनारपूरच्या प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी स्वतः तर शिवलंच, कितीतरी बायकांना शिकवलंही.

हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, तिथून गरियाहाट जवळच, आणि कोलकात्याला गेलेला मराठी माणूस गरियाहाटला साडी न घेता परतत नाही. म्हणून हा शेवटचा हिशेब. साडेपाच मीटर लांब, ११५ सेंटीमीटर पन्ह्याची, सगळीकडे भरलेली कांथा साडी. ६३,२५० चौरस सेंटीमीटर, त्याच साडेबाराच्या दरानं सुमारे ७,९०,००० टाके. ६५९ तास. रोज आठ तास बसलं तर ८२ दिवस. शिवणारीच्या हातात समजा दहा हजार रुपये पडले, तर टाक्याला येतो सव्वा पैसा आणि तासाला पंधरा रुपये. दुकानात आपण ‘पाचशे कमी करा’ म्हणतो, तेव्हा या दरानं ३९,५०० टाके मागत असतो, म्हणजे तेहतीस तास, चार दिवसांचं काम.

घासाघीस करायचीच तर एक युक्ती आहे. किंमत विचारण्याआधी पदर उलटा करा आणि पर्समधली छोटी पट्टी काढून एका चौरस सेंटीमीटरमधले टाके मोजा. दुकानदार वैतागतो, सोबतची मंडळी ओशाळतात, पण बाराच्या जागी सहाच भरले तर निम्मी किंमत मागायला तोंड उरतं. पंचवीस भरले तर गप्प बसून पैसे काढावेत.